घरच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक पार्ट कसे लावावेत आणि कसे टिकवावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात एका टेबलाचं वर्कशॉप आहे. थ्रू-होल (पाय बोर्डाच्या भोकांत घालायचे) आणि एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारे बारीक) मिळून दोन-तीन हजार सुटे पार्ट जमले आहेत, काही मूळ पिशव्यांत, काही डब्यांत एकत्र. हवा तो पार्ट असूनही सापडत नाही, म्हणून पुन्हा मागवला जातो. तर किती ड्रॉवरचं कपाट घ्यावं आणि पार्ट कोणत्या क्रमाने लावावेत?

कपाटाचं नंतर बघू. आधी हे पक्कं करा की पार्टची ओळख पार्टला चिकटून राहिली पाहिजे, कप्प्याला नाही. बहुतेक जण ड्रॉवरवर छान लेबल लावतात, पिशवी फाडतात, पार्ट ड्रॉवरमध्ये ओततात आणि पिशवी कचऱ्यात टाकतात. त्या पिशवीवर पूर्ण पार्ट नंबर होता, व्होल्टेज रेटिंग होतं, टॉलरन्स (किती टक्के फरक चालतो) होता, बॅचची तारीख होती. ड्रॉवरच्या लेबलवर यातलं फक्त ‘१०० नॅनो’ उरतं. मग कधीतरी ड्रॉवर निसटतो, शेजारच्या ड्रॉवरमधला माल त्यात मिसळतो, आणि तेवढीही ओळख संपते.

सगळ्यात जास्त नुकसान सिरॅमिक एसएमडी कपॅसिटरचं होतं, कारण त्यावर काहीच छापलेलं नसतं. मीटर लावून क्षमता कळेल, पण ते १० व्होल्टचं आहे की ५० व्होल्टचं, हे मोजून कळत नाही. आतला डायइलेक्ट्रिक (दोन पत्र्यांमधला विद्युतरोधक पदार्थ; सी०जी, एक्स७आर, एक्स५आर, वाय५व्ही हे त्याचे प्रकार) कोणता, तेही नुसत्या क्षमतेवरून सांगता येत नाही. हेअर ड्रायरने तापवून पाहिलं तर सी०जी जवळपास हलत नाही आणि वाय५व्ही धडाधड खाली येतो, पण एक्स७आर आणि एक्स५आर यांत असा फरक करता येणार नाही. त्यातून लहान आकाराच्या, मोठ्या क्षमतेच्या एक्स५आर कपॅसिटरवर रेटिंगच्या जवळचं डीसी व्होल्टेज आलं की निम्म्याहून अधिक क्षमता जाऊ शकते. म्हणजे रेटिंग माहीत नसलेला १० मायक्रोफॅरड सर्किटमध्ये ४ सुद्धा भरू शकतो. ओळख हरवलेले असे कपॅसिटर सरळ टाकून द्यावेत. जीवावर येतं खरं, पण एका संशयित कपॅसिटरमुळे बिघाड शोधण्यात जाणारी संध्याकाळ त्याहून महाग पडते.

पिशवी हे मूळ एकक

ड्रॉवर, डबा, खोका यांतलं काहीही घ्या, पण आत पार्ट मोकळे ओतू नका, झिपलॉक पिशवीत ठेवा. ७ × १० सेंटिमीटरची पिशवी बहुतेक सगळ्याला चालते. हा आकार मनाने ठरवलेला नाही. पाव वॅटचे रेझिस्टर कागदी पट्टीवर येतात, तेव्हा दोन पट्ट्यांच्या मधलं अंतर साधारण ५२ मिलिमीटर असतं आणि दोन्ही कडांच्या ६-६ मिलिमीटरच्या पट्ट्या धरून एकूण रुंदी ६४ मिलिमीटरच्या आसपास जाते. दोन रेझिस्टरमध्ये ५ मिलिमीटर, म्हणजे शंभरांची पट्टी अर्धा मीटर लांब. दर वीस रेझिस्टरांवर घडी घातली की १० सेंटिमीटर होते. किंचित आखूड घड्या घातल्या की पिशवीत बरोबर बसते. ड्रॉवर ६५ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर हीच पट्टी आडवी मावत नाही, मग पाय वाकवावे लागतात किंवा पट्टी कापावी लागते. कपाट घेण्याआधी ड्रॉवरची आतली रुंदी मोजून घ्या, जाहिरातीत बाहेरची दिलेली असते.

पट्टीवरून रेझिस्टर सोडवून ठेवू नका. पट्टीवर ते सरळ राहतात, मोजता येतात, आणि एक काढला तर बाकीचे जागचे हलत नाहीत. काढताना ओढून काढू नका. पट्टीचा डिंक पायाला चिकटून येतो आणि ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता सर्किट जोडून पाहायच्या फळीच्या) भोकात जाऊन बसतो, मग ते भोक कधी संपर्क देतं, कधी नाही. पट्टीलगत पाय कापून घ्या, तेवढी लांबी पुरते.

पिशवीत लेबल दोन ठिकाणी हवं: बाहेर चिकटवलेलं आणि आत टाकलेली कागदाची चिठ्ठी. बाहेरचं लेबल कधी ना कधी सुटतंच. पक्क्या म्हणवणाऱ्या मार्करची शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात लागला की पसरते, आणि वर्कशॉपमध्ये तो हात लागतोच. पावतीच्या कागदासारखी उष्णतेवर छापणारी साधी लेबलं उजेडाने आणि उबेने काही वर्षांत कोरी होतात. रिबनवर छापून वर पारदर्शक थर देणारी लेबल टेप टिकते. आतल्या चिठ्ठीसाठी मात्र पेन्सिलच उत्तम. ग्रॅफाइट ना उडतं, ना पसरतं. मूळ पिशवीवरचं छापील लेबल कापून आत टाकलंत तर चिठ्ठी लिहायलाही नको.

लेबलवर दशांश चिन्ह लिहू नका. ४.७ के मधला ठिपका पुसला की ४७ के होतो. म्हणून ४के७ (४.७ किलोओहम), २आर२ (२.२ ओहम) असं एककाचं अक्षरच ठिपक्याच्या जागी घालायची पद्धत रूढ आहे, तीच पाळा. कपॅसिटरला एकच भाषा ठरवा. एका पिशवीवर १०४, दुसरीवर ०.१ मायक्रो आणि तिसरीवर १०० नॅनो असेल, तर एकाच मालाच्या तीन पिशव्या तीन ठिकाणी पडून राहतील. १ नॅनोच्या खाली पिको, १ मायक्रोच्या खाली नॅनो, त्यावर मायक्रो, एवढा नियम पुरे. अंगावरचा कोड मात्र लेबलवर जरूर लिहा. कोडचा शेवटचा आकडा म्हणजे पुढच्या शून्यांची संख्या, म्हणून २२० छापलेला सिरॅमिक कपॅसिटर २२ पिकोचा असतो आणि २२१ छापलेला २२० पिकोचा. क्रिस्टलला (सर्किटला नियमित ठोके देणाऱ्या पार्टला) लावताना ही गफलत नेमकी नडते.

जागेला पत्ता

आता कपाट. ‘रेझिस्टर वरच्या ओळीत, कपॅसिटर मधल्या ओळीत’ अशी जातवार मांडणी दिसायला छान असते आणि सहा महिन्यांत मोडते, कारण कुठली जात किती वाढेल हे आधी सांगता येत नाही. कपॅसिटरची ओळ भरली की नवा माल रिकाम्या दिसणाऱ्या कोणत्याही ड्रॉवरमध्ये जातो आणि क्रम बिघडतो. त्यापेक्षा ड्रॉवरवर फक्त पत्ता टाका: कपाट ए, ओळ ३, ड्रॉवर ५, म्हणजे ए३-०५. आत काय आहे ते यादीत. आजचा माल उद्या दुसरीकडे हलवला तर यादीत एक ओळ बदलते, ड्रॉवरचं लेबल खरवडावं लागत नाही.

यादी साध्या स्प्रेडशीटमध्ये ठेवलीत तरी चालते. त्यात दोन सापळे आहेत. पत्ता ३-५ असा लिहिलात तर स्प्रेडशीट त्याची तारीख करून टाकतं. म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला अक्षर हवंच आणि तो रकाना आधीच ‘मजकूर’ म्हणून नोंदवलेला हवा. दुसरा सापळा क्रमवारीचा. ४के७, १००आर, २२के हा मजकूर असल्यामुळे स्प्रेडशीट तो अक्षरक्रमाने लावतं आणि ४के७ च्या शेजारी ४७०के येऊन बसतो. शेजारी एक वेगळा रकाना करून त्यात निव्वळ ओहम किंवा पिकोफॅरडचा आकडा भरा आणि क्रम त्यावरून लावा. बाकी रकाने: प्रकार, किंमत (रुपयांतली नाही, ओहम किंवा फॅरडमधली), पॅकेज (पार्टच्या अंगाचा आकार), व्होल्टेज किंवा वॅट, कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर, पत्ता. डेटाशीटचा दुवा घातलात तर उत्तम, पण तो रकाना रिकामा आहे म्हणून यादी अडवू नका. पार्ट हजारोंनी असतील आणि प्रोजेक्टवार हिशेब हवा असेल तर इन्व्हेनट्री किंवा पार्ट-डीबी ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहेत. एकट्या माणसाच्या टेबलासाठी ती बहुतेक वेळा जड होतात.

यादीत नेमकी संख्या ठेवायच्या फंदात पडू नका. प्रत्येक रेझिस्टर काढताना कोणी आकडा बदलत नाही, आणि चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट. त्याऐवजी पिशवीत पिशवी ठेवा. शेवटचे वीस नग लहान बंद पिशवीत घालून मोठ्या पिशवीत टाका. ती लहान पिशवी फोडायची वेळ आली की पार्ट मागवायच्या यादीत गेला. मोजणी कुठेच लागत नाही.

तरीही जवळच्या गोष्टी जवळ असाव्यात, यात वाद नाही. बसल्या जागेवरून हात पोचेल अशा पहिल्या वीस-पंचवीस ड्रॉवरमध्ये रोजचा माल ठेवा, बाकी सगळं पत्त्यावर. रेझिस्टरचंच पाहा. ई१२ मालिकेत, म्हणजे दहापटीच्या प्रत्येक टप्प्यात बारा ठरलेल्या किमती असलेल्या मालिकेत, १० ओहमपासून १ मेगापर्यंत ६१ किमती होतात. प्रत्येकीला ड्रॉवर दिलात तर एक आख्खं कपाट रेझिस्टरांनीच भरेल आणि त्यातले चाळीसएक ड्रॉवर वर्षातून एकदाही उघडणार नाहीत. प्रत्यक्षात १०, १००, २२०, ३३०, ४७० ओहम, १के, २के२, ४के७, १०के, ४७के, १००के आणि १ मेगा एवढे बारा सतत लागतात. त्यांचे शंभर-दोनशे नग वेगवेगळ्या ड्रॉवरमध्ये ठेवा. उरलेल्या ४९ किमतींचे वीस-पंचवीस नग पिशव्यांत घाला आणि दहापटीच्या टप्प्यानुसार पाच ड्रॉवरमध्ये पुस्तकासारखे उभे लावा. त्यातून पिशवी शोधायला दहा सेकंद जातात, तेवढे जाऊ द्यात.

रेझिस्टर परत ठेवताना रंगावर विसंबू नका, मीटर लावा. एक टक्क्याच्या निळ्या अंगाच्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात, आणि तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी हा १०के उलट्या बाजूने वाचला तर तपकिरी-लाल-काळा-काळा-तपकिरी, म्हणजे १२० ओहम होतो. दोन्ही किमती मालिकेत आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

ड्रॉवरच्या कपाटाला मागे अडकण असावी, नाहीतर घाईत ओढलेला ड्रॉवर थेट मांडीवर येतो. भरलेलं कपाट चांगलंच जड होतं आणि वरचे पाच-सहा ड्रॉवर एकदम उघडले की पुढे कलंडतं, म्हणून भिंतीला दोन स्क्रूंनी बांधाच. काढता-घालता येणारी आडवी पत्री (दुभाजक) असलेले कप्पे सोयीचे वाटतात, पण पत्रीच्या खाली फट राहते आणि तेवढीतून काचेचे डायोड आणि ०८०५ आकाराचे एसएमडी सरकून पलीकडे जातात. फटीवर गरम गोंदाची बारीक रेघ ओढली की काम भागतं. झाकणाच्या खणांच्या डब्याची परीक्षा सोपी आहे. झाकण लावून, झाकण आणि मधली भिंत यांच्या फटीत व्हिजिटिंग कार्ड घालून पाहा. कार्ड सहज गेलं तर डबा उलटा झाल्यावर त्याहून लहान ०४०२ आकाराचा पार्ट सुद्धा जाईल. असा डबा स्क्रू आणि स्पेसरांना द्या.

एसएमडी: पट्टीवर लिहा

एसएमडी पार्ट शक्य तोवर मूळ पट्टीतच ठेवा. ०६०३ आणि ०८०५ साठी पट्टी ८ मिलिमीटर रुंद असते आणि दर ४ मिलिमीटरला एक पार्ट, म्हणजे शंभर नगांची पट्टी ४० सेंटिमीटर. ०४०२ साठी दर २ मिलिमीटरला एक. एका टोकावर किंमत लिहून ठेवतात आणि नेमकं तेच टोक आधी वापरलं जातं. उरते कोरी पट्टी. कागदी पट्टीच्या मागच्या बाजूला बारीक पेनाने दर पाच सेंटिमीटरला किंमत, व्होल्टेज आणि आकार लिहीत जा. मग पट्टी कुठेही कापा, प्रत्येक तुकडा आपलं नाव घेऊनच निघतो. प्लॅस्टिकच्या फुगवट्यांच्या पट्टीवर लिहिता येत नाही, तिला भोकांच्या कडेने लेबल टेपची पातळ पट्टी लावा. फुगवट्यांवर लावलेली सुटते.

पार्ट काढताना वरची पारदर्शक फीत गरजेपुरतीच सोलायची, मागे दुमडायची आणि टोकाला कागदी टेपचा तुकडा लावायचा. हे एवढंसं काम टाळलं की पुढचे दहा-पंधरा पार्ट पिशवीत मोकळे होतात. ती फीत उष्णतेने सैल पडते किंवा उलट घट्ट चिकटून बसते, म्हणून पट्ट्या सोल्डरिंग स्टेशनच्या वरच्या फळीवर ठेवू नका.

पट्ट्या ठेवायला नाण्यांच्या अल्बमची खिशांची पानं चांगली: एका खिशात एक किंमत, पान उलटलं की सगळं समोर. अट इतकीच की खिसे वरून उघडणारे असावेत आणि अल्बम उभा ठेवावा. मोकळ्या पार्टसाठी स्प्रिंगच्या झाकणाच्या, एकमेकांना जोडता येणाऱ्या लहान डब्या मिळतात. त्या मोकळ्या रेझिस्टरांना ठीक आहेत, कारण रेझिस्टरवर बहुधा कोड असतो. सिरॅमिक कपॅसिटर त्यात ठेवायचे झाले तर एका डबीत एकच पूर्ण पार्ट नंबर, आणि टेबलावर सांडलेला कपॅसिटर डबीत परत जाणार नाही, हे दोन नियम मोडू नका. रेझिस्टरच्या कोडमध्येही ‘१००’ म्हणजे १० ओहम, ‘१००१’ म्हणजे १के आणि ‘०१सी’ म्हणजे १०के, तेव्हा डबीवर कोड आणि किंमत दोन्ही हवेत.

आकार लिहिताना तो इंची आहे की मेट्रिक, हे लिहाच. इंची ०६०३ म्हणजे १.६ × ०.८ मिलिमीटर, मेट्रिकमध्ये १६०८. मेट्रिक ०६०३ म्हणजे इंची ०२०१, हाताने सोल्डर करायला जवळपास अशक्य. लेबलवर नुसतं ०६०३ लिहून मागवलं की कधीतरी धुळीसारखे पार्ट हातात येतात.

एकसारखे दिसणारे

तीन पायांचं काळं प्लॅस्टिकचं टीओ-९२ अंग हा वर्कशॉपमधला सगळ्यात फसवा आकार. त्या एकाच अंगात बीसी५४७ आणि २एन३९०४ हे ट्रान्झिस्टर, २एन७००० मॉसफेट, टीएल४३१ आणि ७८एल०५ हे व्होल्टेज रेग्युलेटर, एलएम३५ आणि डीएस१८बी२० हे तापमान सेन्सर, सगळे येतात. सपाट बाजू आपल्याकडे करून डावीकडून वाचलं तर बीसी५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे असतात आणि २एन३९०४ चे बरोबर उलटे. एलएम३५ ला डावीकडे पुरवठा आणि उजवीकडे ग्राउंड, तर डीएस१८बी२० ला डावीकडे ग्राउंड आणि उजवीकडे पुरवठा. एकाच्या जागी दुसरा बसवला की उलटा पुरवठा मिळून तो क्षणात चटका बसेल इतका तापतो. ७८एल०५ चे पाय आउट, ग्राउंड, इन असतात, पण त्याच्या मोठ्या भावाचे, टीओ-२२० मधल्या ७८०५ चे, इन, ग्राउंड, आउट. आणि ७९०५ चा क्रम तिसराच: ग्राउंड, इन, आउट, शिवाय पाठीचा पत्रा इनपुटला जोडलेला. म्हणून टीओ-९२ च्या प्रत्येक पिशवीतल्या चिठ्ठीवर सपाट बाजूचं चित्र आणि पायांचा क्रम काढा, आणि हे पार्ट एका ड्रॉवरमध्ये कधीही मोकळे टाकू नका.

काचेच्या डायोडचंही तसंच. १एन४१४८ आणि अर्ध्या वॅटचा झेनर (ठरलेल्या व्होल्टेजला उलट दिशेने वाहू देणारा डायोड) शेजारी ठेवले तर भिंगाशिवाय ओळखू येत नाहीत. झेनर नेहमी वेगळ्या पिशवीत, त्यावर व्होल्टेज मोठ्या अक्षरात.

कनेक्टरमध्ये पायांतलं अंतर लिहा. जेएसटी पीएच २.० मिलिमीटर, एक्सएच २.५ आणि साधे पिन हेडर २.५४. एक्सएचचा तीन पायांचा कनेक्टर २.५४ च्या भोकांत बसतो, म्हणून लोक समजतात की दोन्ही एकच. दहा पायांचा घेतला की फरक ०.३६ मिलिमीटरपर्यंत साचतो आणि शेवटचे पाय आत जात नाहीत. एका कुटुंबाचं सगळं, म्हणजे घर (प्लॅस्टिकचं बाहेरचं अंग), आतले तारेवर दाबून बसवायचे क्रिम्प पाय आणि बोर्डावरचं हेडर, एकाच डब्यात ठेवा. कनेक्टर जातवार लावले तर दर वेळी तीन ड्रॉवर उघडावे लागतात.

स्थिर विद्युत

हाताला ठिणगी जाणवते ती साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. मॉसफेटच्या गेटची (नियंत्रणाच्या पायाची) मर्यादा बहुधा २० व्होल्टच्या आसपास असते. म्हणजे पार्ट जाताना कळतही नाही, आणि बरेचदा तो पूर्ण मरत नाही, गळका होतो. मॉसफेट, सीमॉस आयसी, मायक्रोकंट्रोलर, रेडिओ मॉड्यूल आणि लेझर डायोड एवढ्यांची काळजी घ्या. रेझिस्टर, साधे डायोड, कपॅसिटर, कनेक्टर यांना साधी पिशवी चालते. सगळंच अँटिस्टॅटिक पिशव्यांत भरायची गरज नाही.

गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी फक्त स्वतः भारित होत नाही, बाहेरच्या ठिणगीपासून ती वाचवत नाही. शिवाय तिचा तो गुण वर्षांगणिक आणि कोरड्या हवेत कमी होतो. चंदेरी धातूचा थर असलेली पिशवी खरं कवच देते, पण तोंड बंद असेल तरच, आणि चुरगळून थराला भेगा पडल्या नसतील तरच. पायांचे आयसी काळ्या वाहक फोममध्ये टोचून ठेवा, सगळे पाय एका पातळीवर राहतात. पांढरं थर्मोकोल किंवा पॅकिंगचा साधा फोम मात्र नको, तो स्वतःच भारित होतो. जुना काळा फोम चुरा होऊ लागला किंवा चिकट झाला की लगेच फेका, तो पायांना गंज चढवतो.

एक उलटी बाजूही आहे. काळा फोम आणि काळी पिशवी वाहक असल्यामुळे सीआर२०३२ सारखी नाणेबॅटरी किंवा बॅटरी बसवलेला बोर्ड त्यात ठेवला तर बॅटरी हळूहळू रिकामी होते. ॲल्युमिनियम फॉइलमध्ये तर थेट शॉर्ट. नाणेबॅटऱ्या एकमेकींना टेकल्या तरी शॉर्ट होतात, त्या मूळ ब्लिस्टर पॅकमध्येच राहू द्या. लिथियम-आयन सेल प्रत्येकी वेगळ्या प्लॅस्टिक केसमध्ये, ३.७ ते ३.८ व्होल्टवर, पार्टच्या कपाटापासून दूर.

हवा, ओल आणि शेजार

पाय काळे पडण्यामागे नुसती ओल नसते, गंधक असतं. रबर बँड, साधा तपकिरी कागद, वर्तमानपत्र आणि पुठ्ठा यांतून ते निघतं आणि चांदीचा मुलामा असलेल्या पायांवर काळा सल्फाइडचा थर धरतं. रबर बँड तर वरून वितळून चिकटतो. पट्ट्या बांधायला कागदी टेप वापरा. पाय काळे पडलेच तर फायबर-ग्लासच्या पेनाने घासून, फ्लक्स लावून सोल्डर करा, बहुधा धरतं.

शेजार याहून महत्त्वाचा. पीसीबी कोरायचं फेरिक क्लोराइड किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड यांची बाटली घट्ट बंद असली तरी त्याच कपाटात, त्याच खोलीतसुद्धा ठेवू नका. बाफ झिरपते, स्क्रूंवर गंज येतो आणि पाय मळकट होतात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. त्याने डबा सील केला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत आत काही ठेवू नका.

दमट हवेत संवेदनशील आयसी, ५०५० आकाराचे एलईडी आणि मॉड्यूल हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. पाच लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम भरपूर होतं. नारिंगीचं हिरवं होणारं जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग बदलला की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकाच्या भट्टीत मात्र नको. पिशवीवर एमएसएल (ओलाव्याबाबतची संवेदनशीलता पातळी) ३ लिहिलं असेल तर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत उघडल्यापासून १६८ तासांत रिफ्लो (पार्ट आणि बोर्ड तापवून सोल्डर वितळवणं) व्हायला हवं, असा त्याचा अर्थ. त्यानंतर आत शिरलेली ओल रिफ्लोच्या उष्णतेत वाफ होऊन प्लॅस्टिक फोडते. सोल्डरिंग आयर्नने एकेक पाय सोल्डर करणाऱ्याला याची फारशी झळ नाही. हॉट एअर किंवा हॉट प्लेट वापरणाऱ्याने तारीख लिहावी.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर साठवायची वस्तूच नाही. आतला ऑक्साइडचा थर पडून पडून झिजतो आणि गळती वाढते. ते थोडेच ठेवा, ३५ अंशांच्या खाली, पिशवीवर खरेदीची तारीख लिहून, आणि जुना आधी वापरा. दोन-तीन वर्षं पडून असलेला वापरायचा झाला तर १के रेझिस्टर मालिकेत जोडून रेटिंगएवढं व्होल्टेज अर्धा तास द्या आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज उतरत जातं का ते पाहा. अडकून राहिलं तर कपॅसिटर गेला. उच्च व्होल्टेजचे मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा आणि दोन्ही टोकांना तार बांधूनच ठेवा, कारण रिकामा केलेला कपॅसिटरही काही वेळाने आपोआप थोडं व्होल्टेज परत धरतो.

परत ठेवणं आणि आत्ताचा ढीग

व्यवस्था मोडते ती पार्ट काढताना नाही, परत न ठेवल्याने. टेबलावर एक लहान वाटी ठेवा, मुद्दाम लहान. त्यात उरलेले पार्ट टाकायचे, वाटी भरली की नवं काम सुरू करायच्या आधी रिकामी करायची. डबा मोठा घेतलात तर तोच पुढचा ढीग होतो. पाय कापलेला पाव वॅटचा रेझिस्टर वाटीतही नको, कचऱ्यात. ब्रेडबोर्डवर वापरलेल्या पार्टला वेगळा डबा द्या. पायाला सोल्डर लागलेला पार्ट ब्रेडबोर्डमध्ये कधीच परत घालू नका, आतली पाती कायमची फाकते. चालू प्रोजेक्टचे पार्ट एका पिशवीत, त्यातच पार्टांची यादी. प्रोजेक्ट बंद पडला तरी ती पिशवी लगेच फोडू नका.

जुन्या बोर्डवरून काढून ठेवण्यासारखं फार थोडं असतं: ट्रान्सफॉर्मर, हीट सिंक, पॉवर ट्रान्झिस्टर, रिले, चांगले कनेक्टर, नॉब. जुने इलेक्ट्रोलिटिक, एसएमडी सिरॅमिक आणि रेझिस्टर काढण्यात वेळ घालवू नका. बोर्ड आख्खे ठेवायचे असतील तर एकच खोका. तो भरला की नवा बोर्ड आत जायला जुना बाहेर जायला हवा.

आता समोरचा ढीग. एका बैठकीत बारीक वर्गवारी करायला गेलात तर टेबल चार दिवस अडेल. पहिल्या फेरीत फक्त सहा ट्रे: रेझिस्टर, कपॅसिटर, तीन पाय, आयसी, कनेक्टर, बाकी. छापील पिशवीत असलेलं काहीही फोडू नका, ते तसंच पत्त्यावर लावून यादीत घ्या. निम्मा माल तिथेच संपतो. दुसऱ्या फेरीत मोकळ्या मालातला अंगावर वाचता येणारा भाग. तिसऱ्या फेरीत एटीमेगा३२८ वर आधारलेला कंपोनंट टेस्टर घ्या. तो ट्रान्झिस्टरचे पाय, मॉसफेटचा प्रकार, डायोड, कपॅसिटरची क्षमता आणि इएसआर (आतला रोध) एका बटणावर दाखवतो. कपॅसिटर लावण्याआधी तो रिकामा करा, नाहीतर टेस्टरच जातो. आयसी आणि झेनर त्यात नीट ओळखू येत नाहीत. झेनरसाठी रेटिंगपेक्षा जास्त व्होल्टेजचा पुरवठा ४के७ मधून द्या आणि झेनरवरचं व्होल्टेज मोजा. एवढं करून उरलेलं ‘अनोळखी’ अशा एका पिशवीत तारीख घालून ठेवा, आणि वर्षभरात ती उघडली नाही तर न उघडता ई-कचऱ्यात द्या.